नव्व्याण्णव बाटल्या आणि एक कोरडा साडू

सासरी कुणाचा वाढदिवस असो, कुणाचा निकाल असो की नुसतंच रविवारचं जेवण असो, ताटं वाढून झाली की थोरल्या साडूंचा एक ठरलेला कार्यक्रम व्हायचा. ते घसा खाकरायचे, डावी बाही कोपराच्या वर सरकवायचे, सुयांनी काळपट पडलेली ती जागा सगळ्यांना नीट दिसेल असा हात टेबलावर पसरायचे आणि आज उकडतंय असं सांगावं इतक्या सहज सांगायचे, "सत्त्याण्णव झाल्या बरं का."

सत्त्याण्णव म्हणजे रक्ताच्या बाटल्या. बाटल्या जाऊन पिशव्या आल्याला जमाना लोटला होता, पण 'पिशवी' म्हटलं की त्यांना भाजी आठवायची. दर तीन महिन्यांनी एक, न चुकता. बायकोचा वाढदिवस ते चौदा वेळा विसरले होते, सुईची तारीख एकदाही नाही. गावभर त्यांना 'दानशूर' म्हणत, आणि कुणी म्हणायला विसरलं तर ते आठवण करून देत.

सगळ्यांचं 'वा, वा' झालं की दानशूरांची मान तोफेसारखी सावकाश टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळायची. तिथे धाकटे साडू खाली मान घालून जेवत असायचे.

"आणि तुमच्या किती झाल्या हो, कोरडेसाहेब?"

कोरडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. रक्तपेढीत सव्वीस वर्षं नोकरी करून स्वतःचा एक थेंब न दिलेल्या माणसाला सासरच्यांनी एकमताने दिलेली ती पदवी होती.

"मला चालत नाही," कोरडे म्हणायचे.

"ऐका! हलवायाला गोड चालत नाही!" दानशूर टेबलावर थाप मारायचे, पेले हलायचे, सगळे हसायचे. दोघांच्या बायकांची मावशी तर डोळ्यांना पदर लावून हसायची. फक्त कोरड्यांची बायको उठून आत जायची आणि लागत नसलेलं काहीतरी घेऊन यायची.

कोरड्यांची नोकरी रक्तपेढीच्या तळघरात होती. वर पंखे, खुर्च्या, हसऱ्या परिचारिका, दात्याला बिस्किटं. खाली कोरडे. रोज शंभर-सव्वाशे काचनळ्या त्यांच्याकडे यायच्या, त्यांच्यावर नाव नसायचं, नुसता नंबर. नळीतलं रक्त कुणाला देण्यासारखं आहे की नाही, त्यात कसले आजार लपलेत, हे शोधायचं त्यांचं काम. सगळ्यांत लबाड म्हणजे कावीळ ब. ही कावीळ पुष्कळदा डोळे पिवळे करत नाही, ताप आणत नाही, माणूस धडधाकट हिंडतो, आणि विषाणू त्याच्या यकृतात पोटभाडेकरूसारखा बिनबोभाट राहतो.

त्याला पकडायला कोरड्यांकडे प्लास्टिकची एक चपटी ताटली असायची. तिच्यात नखाएवढे शहाण्णव खळगे. एकेका खळग्यात एकेका नंबराचा थेंब, त्यावर औषधं, मग धुणं, पुन्हा औषध, आणि शेवटी रंग. पिवळा रंग आला की त्या नंबराची पिशवी बाद. यंत्र आकडे छापून द्यायचं, पण कोरडे त्याआधी ताटली पांढऱ्या कागदावर ठेवून डोळ्यांनी बघायचे. शंका आली तर तोच नमुना आणखी दोनदा लावायचे. ही खोड घरीही आली होती. रात्री कुलूप तीनदा ओढून बघायचे. "अहो, कुलूप आहे ते," बायको म्हणायची, "दाता नाही."

नंबरांशी इतकी वर्षं संसार केल्यामुळे माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलालाच 'आपण कुणाकडचे?' विचारलं होतं.

दानशूरांच्या भांडारात दुसरीही एक गोष्ट होती, ती ते जेवणानंतर सांगायचे. फार वर्षांपूर्वी त्यांच्या वरच्या खोलीत एक छापखान्यातला माणूस भाड्याने राहायचा. कशाच्या तरी तपासणीत त्याला कावीळ ब निघाली. दानशूरांनी आठ दिवसांत त्याला बाहेर काढलं, भिंतींना दोन हात रंग दिला आणि नळाची तोटीसुद्धा बदलली.

"तोटी का?" कोरड्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"का म्हणजे? तो त्याच नळाचं पाणी प्यायचा!"

"तो आजार पाण्यातून जात नाही. रक्तातून जातो."

"तुम्ही तळघरात बसता, कोरडेसाहेब, तुम्हाला व्यवहार काय कळणार? आपल्या घरात रक्त कसं, तर..." आणि हात पुन्हा टेबलावर.

तर अशा या दानशूरांची नव्व्याण्णवावी बाटली झाली आणि गावात हालचाल सुरू झाली. सत्कार समिती बसली. समितीत अकरा जण होते, त्यांतल्या नऊ जणांनी जन्मात रक्त दिलं नव्हतं, पण सत्काराचा दांडगा अनुभव होता. ठरलं असं, की रक्तपेढीच्या सभागृहात व्यासपीठावरच खुर्ची मांडायची, पाहुण्यांच्या साक्षीने शंभरावी बाटली घ्यायची आणि सुई हातात असतानाच स्मृतिचिन्ह द्यायचं. स्मृतिचिन्हावर काचेचा भला मोठा लाल थेंब आणि थेंबात आकडा, १००.

समारंभाला तीन आठवडे उरले असताना दानशूरांना रक्तपेढीतून फोन आला. फोनवर समुपदेशक बाई होत्या. ज्या दात्याच्या रक्तात काही सापडतं त्याला बोलावून, दार लावून, हळू आवाजात सांगायचं, हे त्यांचं काम. "आपण जरा येऊन भेटाल का? थोडं बोलायचं होतं."

"कळलं, कळलं!" दानशूर म्हणाले. "लिहून घ्या." आणि स्मृतिचिन्हावर आपलं नाव कसं लिहायचं, कुठली वेलांटी ऱ्हस्व आणि कुठली दीर्घ, हे सांगून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या फोनला त्यांनी हाराला फुलं कुठली नकोत ते सांगितलं. तिसऱ्या फोनला बाई म्हणाल्या, "साहेब, सत्काराचं नाहीये. तुमच्या मागच्या रक्तात कावीळ ब च्या खुणा दिसल्यात. पुन्हा नमुना द्यावा लागेल."

दानशूर हसले. मग थांबले. मग पुन्हा हसले, पण दुसऱ्या हसण्यात हवा कमी होती. जाऊन नमुना दिला, नंबराची चिठ्ठी घेतली आणि 'तुमच्या यंत्रांची देखभाल कोण करतं?' असं बाईंना दरडावून आले. बाईंनी नियमाप्रमाणे कुणालाही काही सांगितलं नाही. नात्यातले म्हणून कोरड्यांनाही नाही. त्यांच्याकडे खाली फक्त एक नळी आली, चार हजार सातशे एकोणीस.

दोन दिवसांनी दुपारी तळघराचं दार धाडकन उघडलं. बाहेर 'प्रवेश बंद' अशी पाटी होती, पण दानशूरांना पाट्या फक्त स्वतःच्या नावाच्या वाचता येत.

"कुठाय माझी ताटली?"

"तुम्ही आत कसे आलात?"

"दारातून! हे बघा, चार हजार सातशे एकोणीस."

कोरड्यांचा हात हवेतच थांबला. सकाळपासून ते त्या नंबराशी झटत होते. एकदा लावला, शंका आली, म्हणून आणखी दोनदा. कोण बिचारा असेल, असंही मनात येऊन गेलं होतं. तो बिचारा आता त्यांच्यासमोर सफारी घालून उभा होता.

ताटली पांढऱ्या कागदावरच होती. शेजारी कुठल्या खळग्यात कुठला नंबर त्याची यादी. दानशूरांनी यादीवर बोट ठेवलं, ताटलीवर ठेवलं आणि एक आरोळी ठोकली.

"जिंकलो!"

कारण सगळी ताटली पिवळीधमक होती आणि ४७१९ चे तिन्ही खळगे पाण्यासारखे नितळ.

"तुम्हीच शिकवलंत ना मला? पिवळं म्हणजे पकडला, पांढरं म्हणजे सुटला! बघा, अख्ख्या गावाला कावीळ आणि मी एकटा धुतल्या तांदळासारखा!" त्यांनी खिशातून फोन काढला. "थांबा, समितीला कळवतो."

"बसा."

"बसायला वेळ नाही."

"बसा, साडूभाऊ. ही तपासणी उलटी असते."

दानशूर बसले नाहीत, पण फोन खाली आला.

"जुन्या तपासणीत आम्ही चोर शोधतो," कोरडे म्हणाले. "चोर सापडला की रंग येतो. तीत तुम्ही दर वेळी सुटलात, खरंच सुटलात. ही नवी आहे, चार महिन्यांपूर्वी आली. ही चोराच्या पायाचे ठसे शोधते. ठसे असले की ते रंगाची वाट अडवतात. रंग आला नाही, म्हणजे ठसे आहेत."

"म्हणजे अख्खं गाव..."

"गाव ठीक आहे."

दानशूर स्टुलावर बसले. ते स्टूल कोरड्यांच्या मापाचं होतं, त्यामुळे बसल्यावर ते एकदम लहान दिसू लागले.

"आता चोर घरात आहे?"

"बहुतेक कधीच गेला. पण माळ्यावर दडून बसला नसेल असं छातीठोक सांगता येत नाही. म्हणून तुमचं रक्त दुसऱ्याला द्यायचं नाही. तुम्ही ठणठणीत आहात. फक्त दाता नाही आहात."

हे शेवटचं वाक्य म्हणजे माशाला 'तू ठणठणीत आहेस, फक्त पाण्यात जायचं नाही' असं सांगण्यासारखं होतं. दानशूर ताडकन उठले आणि जिना चढून थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. रक्तपेढीच्या या प्रमुखांच्या टेबलावर ते लाल थेंबाचं स्मृतिचिन्ह तयार उभं होतं. पाहुणे यायचे होते, पाहुण्यांच्या हस्ते नव्या शीतगृहाचं उद्घाटनही व्हायचं होतं. मोठे डॉक्टर फार तत्त्वाचे गृहस्थ, म्हणून त्यांना मार्ग काढायला पुरती दहा मिनिटं लागली.

दानशूर परत तळघरात आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता.

"मिटलं! शंभरावी बाटली घ्यायची, फोटो काढायचा, आणि मग खाली आणून तुम्ही ती फेकून द्यायची. कुणाचं काही बिघडत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, कोरडे समजूतदार आहेत, गुपचूप 'बाद' असा शेरा मारतील."

कोरड्यांनी ताटलीवर झाकण ठेवलं. हातमोजे काढले, हात धुतले, पुन्हा धुतले. सव्वीस वर्षांत त्यांनी मोठ्या डॉक्टरांना कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. दानशूरांशी तर वाद कधी दोन वाक्यांपलीकडे नेला नव्हता.

"नाही घ्यायची."

"अहो, फेकायलाच तर घ्यायची आहे!"

"फेकायलाच घ्यायचं असतं," कोरडे म्हणाले, "तर माझंही घेतलं असतं की तेवीस वर्षं. माझंही शतक जवळ आलं असतं."

दानशूरांनी स्टूल पुढे ओढलं.

"म्हणजे?"

"नवा तपासणी संच आला की तो चालतो का बघायला आम्ही आधी स्वतःचं रक्त लावतो. निर्दोष नमुना म्हणून. सगळे तंत्रज्ञ लावतात, आपल्या रक्तात काय असणार! मी लावलं, आणि खळगा पिवळा झाला. संचाला शिव्या दिल्या. दुसरा संच उघडला. तीनदा लावलं." कोरडे हात पुसत होते, हात केव्हाच कोरडे झाले होते. "तुमच्याकडे नुसते ठसे आहेत, साडूभाऊ. माझ्याकडे चोर मुक्कामाला आहे. दर सहा महिन्यांनी यकृत दाखवून येतो."

"कुणाला माहीत आहे?"

"बायकोला. समुपदेशक बाईंना. आता तुम्हाला."

"मला का नाही सांगितलंत?"

कोरड्यांनी हात पुसायचा टॉवेल नळाच्या तोटीवर अडकवला. तो खळगा पिवळा झाला त्याच वर्षी दानशूरांनी वरच्या खोलीच्या नळाची तोटी बदलली होती. ती तोटी आता दानशूरांच्या डोळ्यांसमोर, घशाशी आणि बहुधा स्वप्नातही लटकू लागली.

"लोक मलाही..." ते म्हणाले आणि थांबले. लोक काय करतील हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक असणार! त्यांनी स्वतःच करून दाखवलं होतं, दोन हात रंगासकट.

मग नेहमीच्या आवाजाच्या निम्म्या आवाजात, त्यांनी खरा प्रश्न विचारला. "माझ्या मागच्या बाटल्या ज्यांना गेल्या, त्यांचं काय?"

"त्यांना शोधायचं काम सुरू झालंय. धोका फार थोडा असतो. पण शोधायचंच. तुम्ही आधी ताईंची आणि मुलींची तपासणी करून घ्या, लस द्या. आणि पेले वेगळे करू नका. पेल्याने काही होत नाही."

दानशूर दारापर्यंत गेले आणि वळले. "तेवीस वर्षं मी तुम्हाला कोरडे म्हणतोय."

"सवय झाली," कोरडे म्हणाले. "आता खरं नाव ऐकलं तर मी ओ देणार नाही."

कोरड्यांनी लेखी 'नाही' वर पाठवलं. मोठ्या डॉक्टरांना कागदाची फार भीती, त्यामुळे व्यासपीठावरची खुर्ची निघाली. पण पाहुणे, हार आणि समिती यांना काही निघता येईना. स्मृतिचिन्हावरच्या १०० वर ९९ ची चिकटपट्टी लावण्यात आली. ती जरा तिरकी लागली.

समारंभाला सभागृह गच्च भरलं. सगळं सासर पहिल्या दोन रांगांत. दानशूर बोलायला उभे राहिले, आणि मानलं पाहिजे, इतक्या थाटात आजवर कुणी पडलं नसेल.

"मित्रहो, शंभर मला सहज गाठता आले असते. पण डॉक्टरांनी आता थांबा म्हटलं. आणि मी विचार केला, शतक एकट्यानेच का काढायचं? ती शंभरावी जागा मी तुमच्यातल्या कुणासाठी तरी सोडतो!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शंभर बाटल्यांनाही झाला नसता. दोन बायका रडल्या. समितीचे अध्यक्ष 'केवढा हा त्याग' असं कागदावर लिहून घेऊ लागले. दानशूर डोळे मिटून टाळ्या पीत होते.

एवढ्यात दुसऱ्या रांगेतून मावशींचा आवाज खणखणला. "मग आमच्या कोरड्यालाच बसवा की! घरची जागा घरातच राहू दे!"

हशा उसळला. "कोरडे! कोरडे!" असा गजर सुरू झाला. समितीतल्या दोघा उत्साही माणसांनी कोरड्यांना दंडाला धरून उठवलंसुद्धा. बाजूच्या खोलीत दात्यांच्या खाटा तयार होत्या. आता एक तर भरसभेत कारण सांगायचं, नाही तर ओढत नेलं जायचं. 'मला चालत नाही,' कोरडे म्हणाले, पण त्या गदारोळात ते त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही. त्यांची बायको उभी राहिली होती. तिला आत जाऊन आणण्यासारखं तिथे काही नव्हतं.

दानशूरांनी डोळे उघडले. ध्वनिक्षेपक ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी चाललेल्या टाळ्या मध्येच तोडल्या.

"सोडा त्यांना! सोडा म्हणतो ना! अहो, या माणसाच्या दंडावर डास बसला तर हा रजेचा अर्ज लिहितो! सुई दाखवलीत तर उचलायला चार माणसं लागतील, आणि मग माझ्या नव्व्याण्णव बाटल्या परत मागवून ह्यांनाच चढवाव्या लागतील! बसा खाली, कोरडेसाहेब, तुमच्यासारख्यांना बघूनच तर आम्ही दानशूर झालो!"

सभागृह खुर्च्यांवरून घसरलं. त्या दोघांनी हसता हसता हात सोडले. कोरडे खुर्चीत बसले, नेहमीसारखी मान खाली घालून. फक्त या वेळी त्यांचे खांदे हलत होते, आणि ते रडत नव्हते.

त्यानंतर दानशूर सुधारले, असं कुणाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाकावं. आकड्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. आता ते धरून धरून माणसांना तपासणीला आणि लसीला नेतात. सुरुवात बायको आणि मुलींपासून केली, त्या तिघी निर्दोष निघाल्या. मग शेजारी, मग वाण्याच्या दुकानातले, मग समितीचे अकराच्या अकरा. जेवताना हात पूर्वीसारखाच पसरतात आणि म्हणतात, "अडतीस झाले बरं का." जुन्या बाटल्या ज्यांना गेल्या त्यांच्यापैकी ज्यांचा पत्ता लागला त्यांच्यात काही निघालं नाही. ज्यांचा लागला नाही त्यांचा आकडा दानशूर कधी सांगत नाहीत. आकडे न सांगण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

छापखान्यातल्या त्या माणसाला मात्र त्यांनी शोधून काढलं. माफी मागायला गेले. तो आता म्हातारा झालाय, नातवंडांत रमलाय. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रंग कुठला दिला होता?" दानशूरांना आठवेना. "नाही, फिकट निळा मला आवडला असता," म्हातारा म्हणाला आणि दार लावून घेतलं.

रविवारची जेवणं चालूच आहेत. कोरड्यांना कुणी काही विचारण्याआधीच दानशूर तोफ डागतात. बोलता बोलता ठसका लागतो, मग हाताला येईल तो पेला उचलून पाणी पितात. तो पेला बहुतेक वेळा टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा असतो, म्हणजे हात चांगलाच लांब करावा लागतो.

"अरे, ते कोरड्याचं उष्टं पाणी!" मावशी परवाच ओरडल्या.

"असू द्या हो, मावशी," पेला रिकामा करून दानशूर म्हणाले. "तेवीस वर्षांत ह्यांच्याकडून पहिल्यांदाच काहीतरी ओलं मिळतंय, ते तरी घेऊ द्या."